दवाखान्याचा प्रश्न दिल्लीपर्यंत न्यायचा तर: राष्ट्रीय आरोग्य धोरण ठरतं कसं आणि आपण कुठे बोलायचं

आरोग्याचा प्रश्न घेऊन खासदाराच्या दारात जाणारी माणसं आमच्याकडे कमी नाहीत. निवेदन असतं, शाल-श्रीफळ असतं, फोटोही निघतो. निवेदनात मात्र सगळं एकाच कागदावर कोंबलेलं असतं: उपकेंद्राचं छत गळतं, डॉक्टरचं पद रिकामं आहे, सिकलसेलच्या गोळ्या संपल्या, आयुष्मान कार्ड चालत नाही, आणि जिल्ह्याला मेडिकल कॉलेज द्या. या पाच मागण्या पाच वेगळ्या टेबलांवर सुटतात. खासदार कागद पीएकडे देतात, पीए तो ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ कलेक्टर ऑफिसला पाठवतो, आणि फिरत फिरत तो त्याच तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो ज्याच्याबद्दल तक्रार होती.

हा लेख ग्रामसभेत बोलणाऱ्यांसाठी, सरपंचांसाठी, आशाताईंसाठी आणि निवेदनं लिहून देणाऱ्या मास्तरांसाठी आहे. देशाचं आरोग्य धोरण कोणत्या क्रमाने बनतं ते सांगतो, आणि प्रत्येक टप्प्यावर गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ किंवा मेळघाटातल्या माणसाला शिरायला वाट कुठे आहे तेही. उदाहरण शक्यतो सिकलसेलचं घेतो. आपल्याकडे हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे, आणि अलीकडच्या वर्षांत तो कायदा, बजेट आणि राष्ट्रीय मोहीम अशा तिन्ही वाटांनी गेला आहे.

पहिली पायरी: विषय कुणाच्या अखत्यारीत आहे ते पाहा

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची सहावी नोंद अशी आहे: सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने. म्हणजे दवाखाना चालवणं हे राज्याचं काम. औषधं, अन्नभेसळ, कुटुंब नियोजन, वैद्यकीय शिक्षण आणि एका राज्यातली साथ दुसऱ्या राज्यात जाऊ न देणं हे विषय समवर्ती सूचीत आहेत. त्यांवर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात.

मग दवाखान्यांबाबत दिल्ली इतकं कसं ठरवते? उत्तर सरळ आहे, पैशामुळे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. ज्याचे ६० त्याच्या अटी. आशा, समुदाय आरोग्य अधिकारी, मोफत औषधं आणि तपासण्या, बऱ्याच रुग्णवाहिका हे सगळं या पैशाच्या वाटेने येतं.

पैसा नसेल आणि नुसता कायदा असेल तर काय होतं तेही पाहा. खासगी दवाखान्यांची नोंदणी आणि दर्जा यांसाठी संसदेने २०१० मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला. विषय राज्याचा असल्यामुळे आधी अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश, मिझोराम आणि सिक्कीम या चार राज्यांच्या विधानसभांनी तसे ठराव केले, मग संसदेला कायदा करता आला. बाकीच्या राज्यांनी तो स्वीकारायचा की नाही हे त्यांच्यावर. महाराष्ट्राने स्वीकारला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच चालतो. तेव्हा तालुक्याच्या खासगी दवाखान्याने बिल फुगवलं म्हणून २०१० च्या कायद्याचा हवाला देत खासदाराला पत्र लिहाल तर ते पत्र वाया गेलंच समजा.

राज्याच्या आतही तीन वेगळी घरं आहेत. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकाकडे. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. पत्रावर पत्ता चुकला की महिना गेला.

दुसरी पायरी: धोरणाचा कागद वाचा, पण त्यावर जास्त भिस्त ठेवू नका

‘राष्ट्रीय आरोग्य धोरण’ या नावाचे आजवर तीन दस्तऐवज झाले: १९८३, २००२ आणि २०१७. शेवटचं कसं झालं ते पाहिलं की पद्धत कळते. डिसेंबर २०१४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने मसुदा लोकांपुढे ठेवला आणि सूचना मागवल्या. राज्यांशी, इतर मंत्रालयांशी चर्चा झाली. १५ मार्च २०१७ ला मंत्रिमंडळाने अंतिम धोरण मंजूर केलं आणि दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्र्यांनी संसदेत निवेदन केलं. मतदान नाही, विधेयक नाही.

मसुद्यात आरोग्याला मूलभूत हक्क करावं का यावर चर्चा होती. अंतिम धोरणात तो हक्क आला नाही. सव्वादोन वर्षांत मधल्या खोल्यांमध्ये काय काय गळतं याचा हा नमुना. पुढे राजस्थानने २०२३ मध्ये राज्यापुरता आरोग्य हक्काचा कायदा केला, तोही विषय राज्याचा असल्यामुळेच शक्य झाला.

धोरण मोडलं म्हणून कुणाला शिक्षा होत नाही. तरी तो कागद फेकण्यासारखा नाही. २०१७ च्या धोरणात सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के करण्याचं आणि राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या बजेटच्या ८ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करण्याचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ मध्ये केंद्र आणि राज्य मिळून सरकारी खर्च १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले होते. दोन आकडे शेजारी लिहा. निवेदनात ‘शासनाने लक्ष द्यावे’ असं दहा वेळा लिहिण्यापेक्षा सरकारच्याच कागदातलं हे अंतर एकदा दाखवलेलं जास्त बोचतं.

तिसरी पायरी: विषय यादीत शिरतो कसा

गावात सगळ्यांना वाटतं की दिल्लीवाल्यांनी बसून ठरवलं. ‘आमाले कोन इचारते’ हे वाक्य प्रत्येक ग्रामसभेत ऐकू येतं. पण राष्ट्रीय कार्यक्रमातल्या निदान दोन मोठ्या गोष्टींचा उगम महाराष्ट्रात सापडतो, त्यातली एक थेट गडचिरोलीत.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या गावांमध्ये नवजात बाळाची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला. शिकवून तयार केलेली गावातलीच बाई घरी जाऊन बाळाचं वजन करते, श्वास मोजते, जंतुसंसर्ग ओळखते, उपचार करते. ३९ गावांत हा प्रयोग आणि तुलनेसाठी ४७ गावांत नाही, अशी मांडणी होती. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ मध्ये केंद्राने घरच्या घरी नवजात बालकाची काळजी हा भाग आशांच्या कामात देशभर आणला. आज आपली आशाताई दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्या वेळापत्रकाचं मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे. प्रयोग छापून आल्यापासून राष्ट्रीय कार्यक्रम होईपर्यंत मात्र बारा वर्षं गेली. पुरावा पक्का असूनही एवढा वेळ लागतो, हे मनाशी ठेवून कामाला लागा.

दुसरी गोष्ट गर्भलिंगनिदानाची. महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्यावर बंदीचा कायदा केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. राज्याने आधी करून दाखवलं की संसदेत ‘हे जमणार नाही’ असं म्हणायची सोय राहत नाही.

तिसरी वाट तज्ज्ञ समितीची. आदिवासींच्या आरोग्यावर आरोग्य आणि आदिवासी विकास या दोन केंद्रीय मंत्रालयांनी मिळून २०१३ मध्ये समिती नेमली, डॉ. अभय बंग अध्यक्ष होते. अहवाल २०१८ मध्ये आला. समितीचे अहवाल कपाटात जातात अशी ओरड असते आणि ती बरीचशी खरीही आहे. तरी पुढे फाइल हलते तेव्हा अधिकारी आधार शोधतो तो अशाच अहवालात. म्हणून समिती जिल्ह्यात आली की तिच्यापुढे कागद ठेवा. तोंडी बोललेलं तिच्या गाडीबरोबर निघून जातं.

गावाने काय गोळा करायचं? उपकेंद्राच्या साठा नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत, ज्यावर औषधापुढे तारीख आहे आणि शिल्लक शून्य आहे. रुग्णाच्या सिकलसेल कार्डाची झेरॉक्स, नाव झाकून. दर महिन्याला जिल्ह्याच्या गावी जायला किती एसटी भाडं आणि किती रोजी बुडते त्याचा साधा हिशेब, निदान दहा-पंधरा घरांचा. अमरावती जिल्हा २००७ पासून महाराष्ट्रातल्या लोकाधारित देखरेख प्रकल्पाच्या पहिल्या पाच जिल्ह्यांत होता. तिथल्या जनसुनवायांमध्ये अशाच कागदांवर अधिकाऱ्यांना उत्तरं द्यावी लागत.

चौथी पायरी: मंत्रालयातली फाइल

हा टप्पा बंद दाराआड असतो, म्हणून थोडक्यात. आरोग्य मंत्रालयाचा विभाग टिपण तयार करतो. अर्थ मंत्रालय, नीती आयोग आणि संबंधित मंत्रालयांची मतं घेतली जातात. योजना ५०० कोटींच्या वर असेल तर व्यय वित्त समितीपुढे जाते. १००० कोटींच्या वर असेल तर मंत्रिमंडळाची मंजुरी लागते. कायदा करायचा असेल तर मसुदा विधी मंत्रालयाकडे. राज्यांचे आरोग्यमंत्री केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण परिषदेत बसतात, तिथे राज्याचं म्हणणं मांडता येतं.

आपल्यासाठी इथे एकच खिडकी उघडी असते. २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध करायला हवा. ते नेहमी पाळलं जातं असं नाही. पाळलं जातं तेव्हा मसुदा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर येतो, बातमी मात्र आपल्याकडच्या पेपरात क्वचित येते. गावात इंटरनेट हाताळणाऱ्या एका पोराला पंधरा दिवसांतून एकदा ते पान बघायचं काम लावून द्या.

पाचवी पायरी: संसद

आपली पद्धत संसदीय आहे. सरकार लोकसभेतल्या बहुमतातूनच तयार होतं आणि लोकसभेलाच जबाबदार असतं. याचा व्यवहारातला अर्थ असा की सरकारने मांडलेलं विधेयक सहसा पडत नाही. पक्षादेश निघाला की आपला खासदार मनातून विरोधात असला तरी हात वर करतो. म्हणून मतदानाच्या दिवशी खासदाराला फोन करून काही होत नाही. बोलायचं ते विधेयक मांडण्याआधी, किंवा ते समितीकडे गेलं असताना.

वैद्यकीय शिक्षण आणि डॉक्टरकी यांवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं विधेयक हे चांगलं उदाहरण. २९ डिसेंबर २०१७ ला ते लोकसभेत मांडलं गेलं. आयुष डॉक्टरांना छोटा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधं लिहू देण्याची तरतूद त्यात होती. डॉक्टरांच्या संघटनेने देशभर बंद पुकारला आणि २ जानेवारी २०१८ ला विधेयक स्थायी समितीकडे, म्हणजे आरोग्याचे विषय तपासणाऱ्या खासदारांच्या समितीकडे, गेलं. मार्चमध्ये अहवाल आला आणि सरकारने तो छोटा अभ्यासक्रम काढून टाकला. पुढे लोकसभेची मुदत संपली तसं विधेयकही संपलं. जुलै २०१९ मध्ये नवं विधेयक आलं, ऑगस्टमध्ये कायदा झाला, आणि आयोग प्रत्यक्षात २५ सप्टेंबर २०२० ला कामाला लागला.

या गोष्टीतून तीन नोंदी घ्या. बदल समितीच्या काळात झाला. लोकसभा बरखास्त झाली की तिच्यापुढची प्रलंबित विधेयकं संपतात, म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या विधेयकावर फटाके फोडू नका. आणि कायदा होणं वेगळं, लागू होणं वेगळं. राष्ट्रपतींच्या सहीनंतरही अधिसूचना आणि नियम यायचे असतात.

माझं एक निरीक्षण. डॉक्टरांची संघटना होती म्हणून त्यांचं ऐकलं गेलं. ज्या गावांत ॲलोपॅथीचा डॉक्टरच नाही आणि सगळी भिस्त बीएएमएस डॉक्टरवर आहे, त्या गावांचं म्हणणं त्या तीन महिन्यांत समितीपुढे कुणी मांडलं? बाजू कुठलीही घ्या, पण मेळघाटचा आवाज त्या टेबलावर असायला हवा होता.

*स्थायी समितीला लिहिण्याची रीत.* आरोग्य व कुटुंब कल्याणाच्या स्थायी समितीत ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. समितीचा कारभार राज्यसभा सचिवालय पाहतं. विषय हाती घेतला की समिती वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळावर जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवते. निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत लिहा. विधेयक असेल तर कलमाचा आकडा, सध्याची भाषा, आपल्याला हवी ती भाषा, आणि कारण दोन ओळींत. समितीपुढे तोंडी साक्ष द्यायची तयारी असेल तर तसं नमूद करा. दिलेलं निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं, तेव्हा तेच दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आणू नका. गावाकडे हा मोह फार.

प्रत्येक विधेयक समितीकडे जातंच असं नाही. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७० टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आलं. त्यामुळे ही वाट अरुंद झाली आहे, आणि पुढची जास्त महत्त्वाची झाली आहे.

*खासदाराकडून प्रश्न विचारून घेणं.* माझ्या मते गावासाठी हे सगळ्यात कामाचं हत्यार आहे, आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि उपप्रश्न विचारता येतो. २३० अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. आपल्याला आकडे हवे असतात, त्यामुळे अतारांकितच मागा. नोटीस किमान १५ दिवस आधी लागते. लोकसभेत आरोग्य मंत्रालयाचा दिवस सहसा शुक्रवार, राज्यसभेत मंगळवार.

प्रश्न राज्याच्या विषयावर असेल तर तो नाकारला जातो किंवा ‘सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे’ या ठरलेल्या वाक्यात बुडतो. म्हणून प्रश्न नेहमी केंद्राच्या योजनेला आणि केंद्राच्या पैशाला बांधा. ‘आमच्या उपकेंद्रात गोळ्या का नाहीत’ असं न लिहिता हे लिहा:

(क) राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेअंतर्गत महाराष्ट्रातील गडचिरोली व गोंदिया जिल्ह्यांत आजवर किती व्यक्तींची तपासणी झाली आणि त्यात रुग्ण व वाहक किती आढळले;
(ख) निदान झालेल्या रुग्णांपैकी किती जणांना हायड्रॉक्सीयुरिया नियमित मिळते;
(ग) २०२३-२४ पासून या मोहिमेसाठी महाराष्ट्राला मंजूर, वितरित आणि खर्च झालेली रक्कम, वर्षनिहाय;
(घ) खर्च कमी असल्यास त्याची कारणे व केलेली उपाययोजना?

एवढंच. (हायड्रॉक्सीयुरिया म्हणजे सिकलसेलवरचं औषध.) प्रश्न १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो, भावना लिहायला जागा नसते. पीएच्या व्हॉट्सॲपवर टाइप केलेला मजकूर पाठवा, फोटो नको. त्याला तो तसाच पोर्टलवर टाकता आला तर काम होतं. उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर येतं. मंत्र्यांनी उत्तरात ‘विचार करू’, ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवू’ असं म्हटलं असेल तर ते आश्वासन धरलं जाऊ शकतं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. त्यावर लक्ष ठेवायला आश्वासन समिती आहे.

*याचिका.* सामान्य नागरिक लोकसभेला याचिका देऊ शकतो. ती सभागृहात मांडायला एका खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. मराठीत लिहिली तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सही करून जोडावं लागतं. वाट हळू आहे, पण विरोधी पक्षाचा खासदार असलेल्या मतदारसंघात उपयोगी पडते.

सहावी पायरी: बजेट

भाषणातली घोषणा म्हणजे पैसा नव्हे. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पी भाषणात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम जाहीर झाली: २०४७ पर्यंत निर्मूलन, आणि बाधित आदिवासी भागांतल्या ० ते ४० वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे तिचं उद्घाटन झालं. पण गडचिरोलीच्या वाट्याला किती कीट आणि किती गोळ्या, हे त्या भाषणात नसतं. ते पुढच्या पायरीवर ठरतं.

बजेटची तयारी आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून चालते. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडल्यावर संसदेला मध्ये सुट्टी असते आणि त्या काळात स्थायी समिती आरोग्य मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासते. तिचा अहवाल जरूर वाचा. मंत्रालयाने किती मागितलं, किती मिळालं आणि मागच्या वर्षीचं किती पडून राहिलं हे त्यात असतं. सभागृहात सगळ्या मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होत नाही. शेवटच्या दिवशी उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. आरोग्य त्यात किती तरी वेळा असतं.

सातवी पायरी: पीआयपी आणि आरओपी

इथे थांबा, कारण खरा निकाल इथे लागतो आणि इथे कुणी जात नाही.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा मिळवण्यासाठी राज्य दरवेळी केंद्राला प्रकल्प अंमलबजावणी आराखडा पाठवतं. आरोग्य खात्यात सगळे त्याला पीआयपी म्हणतात. तो तालुक्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून मुंबईला आणि तिथून दिल्लीला जातो. दिल्लीत केंद्र आणि राज्याचे अधिकारी समोरासमोर बसून एकेक ओळ तपासतात. जे ठरतं त्याची नोंद म्हणजे आरओपी. २०२२-२४ पासून हा आराखडा दोन वर्षांचा झाला आहे.

आरओपी अभियानाच्या संकेतस्थळावर जाहीर असते. फाइल शेकडो पानांची, तक्ते बारीक अक्षरात. एका ओळीत उपक्रम, एकक दर, संख्या, रक्कम लाखांत, आणि शेवटी शेरा. तो शेरा वाचा. ‘मंजूर’, ‘मंजूर नाही’, ‘राज्याने स्वतःच्या निधीतून करावे’ यांपैकी काही तरी असतं. औषधाची ओळ मंजूर असेल तर दिल्लीशी भांडण संपलं, आता खरेदी आणि पुरवठ्याशी आहे. ‘राज्याने करावे’ असेल तर आमदाराकडे जायचं. ओळच नसेल तर मागणी खालून गेलीच नव्हती, आणि त्याला खासदार काय करणार?

आता खालून मागणी कशी घालायची. साधारण दिवाळीच्या आधी तालुका पातळीवर आकडे जमवायला सुरुवात होते. त्याआधी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची बैठक घ्या. ती समिती कागदावर प्रत्येक गावात आहे. अध्यक्ष ग्रामपंचायत सदस्य असतो, आशाताई त्यात असते. ठरावात संख्या लिहा: आपल्या उपकेंद्राखाली सिकलसेलचे इतके ज्ञात रुग्ण, महिन्याला इतक्या गोळ्या, तपासणी राहिलेली माणसं इतकी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तोच ठराव मंजूर करून तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्या. एक प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला, एक जिल्हा परिषद सदस्याला.

मंजूर असूनही औषध नसेल तर तपासायचा क्रम वेगळा. औषध आपल्या पातळीच्या अत्यावश्यक यादीत आहे का? असेल तर आरोग्य केंद्राच्या फार्मासिस्टने ई-औषधी या सरकारी औषधसाठ्याच्या संगणक प्रणालीवर मागणी टाकली का? टाकली असेल तर जिल्हा भांडारात साठा होता का? महाराष्ट्रात मोठी खरेदी आता २०२३ मध्ये कायद्याने स्थापलेल्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणातून होते. माहितीचा अधिकार वापरायचा असेल तर हे प्रश्न वेगवेगळ्या कार्यालयांना विचारा. एकाच अर्जात सगळं विचारलं की ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ हे उत्तर ठरलेलं.

उपकेंद्राच्या दुरुस्तीसारख्या कामांना दिल्लीची वाट बघू नका. ग्रामपंचायतीच्या ‘आमचं गाव आमचा विकास’ आराखड्यात आरोग्याची कामं धरता येतात. पेसा (आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि आरोग्य-स्वच्छता हा त्यातला मान्य विषय आहे. जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्री अध्यक्ष असतात. तिथे नवीन वर्षाचा आराखडा साधारण जानेवारीत मंजूर होतो, म्हणजे मागणी त्याआधी जायला हवी.

कायद्यात नाव आलं म्हणजे सगळं आलं, असं नाही

सिकलसेलचं नाव २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या अनुसूचीत आलं, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाबरोबर. कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांग प्रमाणपत्र मिळायची वाट त्यामुळे खुली झाली. पण सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाचं कलम ३४ वाचा. अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता एवढंच त्यात आहे. नुसत्या रक्ताच्या आजारासाठी त्यात जागा नाही. पोरांनी प्रमाणपत्र काढलं, भरतीचा फॉर्म भरला आणि तिथे अडकली अशा तक्रारी येतात तेव्हा त्याचं मूळ या कलमात असतं. हे पीआयपीने सुटणार नाही, जिल्हा परिषदेने तर नाहीच. इथे कायदाच बदलावा लागेल, म्हणजे मंत्रालय, समिती, खासदाराचं खासगी विधेयक किंवा याचिका, याच वाटा. खासगी विधेयक पास होणं दुर्मीळ, पण शुक्रवारी त्यावर चर्चा झाली तर मंत्र्यांना सरकारची भूमिका सभागृहात सांगावी लागते.

राज्याचं दार, नागपूरला

रिक्त पदं, बदल्या, इमारती, १०२ आणि १०८ च्या गाड्या, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणतं रुग्णालय आहे हे सगळं राज्याचं. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात होतं आणि ते डिसेंबरात, म्हणजे जिल्ह्याचे आरोग्य आराखडे वर सरकत असतात नेमक्या त्याच दिवसांत येतं. मोर्चे सगळे त्या आठवड्यात निघतात आणि टेकडी रोडवर बॅरिकेडपाशी अडतात. तारांकित प्रश्न मात्र अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, लक्षवेधी सूचनेसाठीही आमदाराच्या हातात तयार मजकूर लागतो. त्यामुळे आमदार दिवाळीच्या भेटीगाठींना गावात येतात तेव्हाच ग्रामसभेचा ठराव, आरओपीतल्या त्या ओळीची प्रिंट आणि टाइप केलेला प्रश्न त्यांच्या पीएला द्या, आणि आपल्या प्रतीवर तारीख घालून सही घ्या.